एकोणीस चाकूंची धार

४ फेब्रुवारी

ही वही आजवर चाकूंची होती. कुठल्या तारखेला कुठल्या चाकूला धार लावली, दगड कोणता, तेल कधी दिलं, एवढंच. आज पहिल्यांदा तिच्यात माणसांचं लिहितेय, कारण बोलायला कुणी नाही. ह्यांना काही सांगावं तर हे पेपरातून मान वर न करता "हं" म्हणतात. ते "हं" मला तेहतीस वर्षांपासून पाठ आहे.

रोपवाटिकेतली जुनी लिंबोणी चालली. मालकांच्या आजोबांनी लावलेली. बिनबियांची, पातळ सालीची, आणि तशी दुसरी कुठेही नाही, शोधून झालंय. बुंध्यातून डिंक गळतोय, मुळं सडलीत. तज्ज्ञ पाहून गेला, म्हणाला, उन्हाळा काढणार नाही. हिरव्या म्हणाव्यात अशा तीनच फांद्या उरल्यात. त्यांच्यावरचे डोळे काढून दुसऱ्या जातीच्या रोपांवर, म्हणजे खुंटांवर, भरायचे. डोळा म्हणजे पानाच्या बेचक्यातली ती बारीक गाठ. ती सालीसकट कापायची, खुंटाच्या सालीला चीर देऊन आत सरकवायची, वरून पट्टी बांधायची. जगला तर त्यातून आख्खं झाड. सगळे मेले तर ही लिंबोणी जगातून गेली.

मालक म्हणाले, "मावशी, हे तुम्हीच करायचं. दुसऱ्या कुणाच्या हातात मी ही फांदी देणार नाही."

एकतीस वर्षं डोळे भरतेय मी. शंभरातले पंच्याण्णव लागतात. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू? सून शेजारीच उभी होती. ती माझ्याच हाताखाली शिकली, चार वर्षं झाली. डावखुरी आहे, त्यामुळे तिला शिकवताना सगळं उलटं करून दाखवावं लागायचं. मालकांचं बोलणं ऐकून तिनं मान खाली घातली. वाईट वाटलं असेल. वाटू दे.

घरी येऊन डबा उघडला. एकोणीस चाकू, सगळे घडीचे, खिशात मावणारे. कुणी जुन्या बाजारातून आलेला, कुणी एका म्हाताऱ्या माळ्याच्या बायकोनं आपणहून दिलेला. पितळी मुठीचे, लाकडी मुठीचे, एकाला तर पात्यावर बनवणाऱ्याचा ठसासुद्धा आहे. रोज एक खिशात, पाळीपाळीनं. चाकू खिशात नसला तर मला चप्पल न घालता बाहेर पडल्यासारखं वाटतं. ह्या कामासाठी शिंगाच्या मुठीचा काढला. त्याच्या दुसऱ्या टोकाला साल उचलायला हाडाची चपटी जीभ आहे. पातं अंगठ्यावर आडवं फिरवून पाहिलं. धारेचं पातं कातडीला हलकंच चावतं, पकडून ठेवतं. हे चावलं नाही. उद्या दगडावर धरते.

५ फेब्रुवारी

पाऊण तास घासलं. आधी खरखरीत दगड, मग गुळगुळीत, मग चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस हात. अंगठ्यावर फिरवलं तर लोण्याची सुरी. हे कधी झालं नव्हतं. दगडच झिजलाय बहुतेक, मधे खळगा पडलाय. हे म्हणाले, "चाकूला धार लावतेस की चाकू संपवतेस?" ह्यांना विनोद सुचतो तो नेमका नको तेव्हा.

८ फेब्रुवारी

पहिले चाळीस डोळे भरले.

नवा दगड आणला तरी पात्याला पाणी चढलं नाही, त्यामुळे जोर लावावा लागला. विसाव्या-बाविसाव्या खुंटाला सून म्हणाली, "आई, बोट कापलंय तुमचं." पाहते तर तर्जनीवरून रक्त ओघळतंय, पट्टी लाल झालेली. मला पत्तासुद्धा नाही. "बोथट चाकूच हात कापतो," मी म्हणाले, "धारेचा चाकू आपलं ऐकतो." हे मी तिला पहिल्याच दिवशी शिकवलेलं वाक्य. तिनं चिंधी आणून बांधली आणि बांधताना माझी बोटं उगाच दाबून दाबून बघत बसली.

"दुखतं का, आई?"

"इतक्याशानं दुखायला मी काय लहान आहे?"

मग तिनं विचारलं, "उरलेले मी भरू?" आता आलं लक्षात! चिंधी बांधायचं निमित्त. बोट दिलं की मनगट पकडणारी जात. मी म्हणाले, "तू लेबलं लिही." संध्याकाळपर्यंत चाळीस पुरे केले. पाठीचा काटा ढिला झालाय.

९ फेब्रुवारी

डबाच पालथा केला. एकोणीसच्या एकोणीस चाकू बोथट! मागच्याच महिन्यात सगळ्यांना धार दिलेली, इथेच लिहिलंय, तारखेसकट. आपोआप धार जाते होय? कुणीतरी वापरतंय. घरात माणसं चार. ह्यांना पेन्सिल तासता येत नाही. मुलगा ट्रक चालवतो, दहा दिवसांतून एकदा घरी येतो, आला की झोपतो. राहिली कोण?

तिला विचारलं, "माझ्या चाकूंनी खतांच्या पिशव्या कापतेस का?"

"मी तुमच्या डब्याला हात लावत नाही, आई. माझा आहे ना चाकू." तिचा तो प्लास्टिकच्या मुठीचा, फेरीवाल्याकडचा. मग म्हणाली, "तुम्ही एकदा दवाखान्यात जाऊन या ना. मी येते बरोबर."

मी विचारतेय चाकूचं, ही सांगतेय दवाखान्याचं. मला म्हातारी ठरवायची घाई झालीय तिला. मी डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. मग एकेक करून सगळे पुन्हा घासायला काढले. आज सहा झाले.

१४ फेब्रुवारी

सकाळी चहाचं भांडं उतरवलं तर हे ओरडले, "अगं, चिमटा घे, हात भाजेल!" नाही भाजला. आयुष्यभर माती-दगडात काम केलेले हात आहेत, साय नाही. चहा मात्र अगोड झाला होता. चौथा चमचा साखर घातली तेव्हा कुठे गोडी आली.

एकोणीसही चाकू घासून झाले. एकही चावत नाही. आता रोज रात्री पुन्हा पहिल्यापासून घासायचे. वहीच्या पानावर तपकिरी डाग पडलाय, चहाचा असेल.

१९ फेब्रुवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या कुणी फिरवायला नको.

काल दुसऱ्या फांदीवरचे तीस डोळे भरले. आज जेवणाच्या सुट्टीत पाणी प्यायला उठले तर सून माझ्या ओळीत उकिडवी बसलेली. माझ्या हातानं बांधलेल्या पट्ट्या सोडत होती! एक सोडली, आतला डोळा बोटानं चाचपला, काहीतरी केलं, परत बांधली, की पुढची. दहा-बारा खुंट तिनं असे उलगडले होते. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

सगळ्यांना हाक मारली. मालक आले, माती भरणाऱ्या बायका आल्या, पाणी सोडणारा आला. सर्वांसमोर विचारलं, "हे काय चाललंय? माझे डोळे मारतेस? म्हणजे मग मालक तुझ्या हाती देतील?"

ती उठून उभी राहिली. चेहरा पांढराफटक. मालकांनी विचारलं, "का सोडत होतीस?" तिनं माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि म्हणाली, "चुकलं माझं."

चुकलं माझं! म्हणजे कबूलच की. मालकांनी तिला कलमांच्या शेडमधून काढून माती भरायला पाठवलं. ती गेल्यावर मी तिनं बांधलेल्या पट्ट्या एकेक करून फाडल्या आणि स्वतःच्या हातानं पुन्हा करकचून बांधल्या. घट्ट बसल्या की नाही ते कळत नव्हतं, म्हणून आणखी ओढल्या. अंधारून आलं तेव्हा संपलं. एखाददुसरा खुंट सुटलाही असेल.

मी जिंकले. हे लिहिताना काहीच वाटत नाहीये, ते वेगळं.

२० फेब्रुवारी

घरात बोलणं बंद. ती स्वयंपाक करते, वाढते, आपल्या खोलीत जाते. मला "आई, बसा" एवढं म्हणते. तेही म्हटलं नसतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. हे आज पेपर खाली ठेवून म्हणाले, "ती पोर तुझं वाईट चिंतणारी नाही." मी म्हणाले, "तुम्ही पेपर वाचा." मुलाचा फोन आला. तो तिच्याशी अर्धा तास बोलला, माझ्याशी दोन मिनिटं.

१ मार्च

पहिल्या चाळीसची तपासणी. डोळ्यासोबत पानाचा देठ ठेवलेला असतो. बोट लावल्याबरोबर देठ गळून पडला तर डोळा लागला. वाळून चिकटून बसला तर मेला.

चाळीसच्या चाळीस चिकटलेले.

मालकांनी दोन पट्ट्या सोडून बघितल्या. आत काळं. एका ठिकाणी चीर सालीच्या पार आत, लाकडात गेलेली, दुसऱ्या ठिकाणी डोळाच मधून चिरलेला. "मावशी, एवढं खोल?" मालक म्हणाले. मी म्हणाले, "चाकूला धार नाही हो, जोर लावावा लागतो." त्यांनी माझा शिंगाचा चाकू मागितला, उघडला, उजेडाकडे धरला. घडी करून परत दिला.

नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हणाले असतील. म्हणोत. पण एकतीस वर्षांत चाळीसातले चाळीस कधी गेले नव्हते. जेवण गेलं नाही. भीती वाटतेय, आता लिहूनच टाकते. ही लिंबोणी माझ्या हातून मरणार की काय, अशी भीती वाटतेय.

९ मार्च

दुसरी ओळ मी एकटीनं तपासली. कुणाला बोलावलं नाही.

एकोणतीस मेले. एक जिवंत. ओळीच्या कडेला, मोठ्या पिशवीच्या आड होता. देठाला बोट लावलं तर टपकन पडला, आतला डोळा हिरवागार. मला इतका आनंद झाला की मी खाली बसले. म्हटलं, एक तरी माझ्या हाताचा.

मग पट्टी नीट बघितली. पट्टी उलटी गुंडाळलेली. मी उजव्या हातानं बांधते, माझे वेढे एका बाजूला चढतात. हे दुसऱ्या बाजूला चढलेले होते. डाव्या हाताचे. म्हणजे त्या दिवशी मी फाडायची विसरले ती ही पट्टी. तिनं माझा डोळा उघडला, सरळ बसवला, बांधला आणि तो जगला. बाकीचे तिनं असेच नीट केलेले मी माझ्या हातानं उसकटले.

किती वेळ बसले कोण जाणे. पाणी सोडणारा विचारून गेला, "मावशी, बरं नाही का?"

घरी आले. हे खुर्चीत होते. शिंगाचा चाकू काढून अंगठ्यावर फिरवला. काही नाही. मऊ लाकूड फिरवल्यासारखं. मग ह्यांच्यापुढे धरला, म्हटलं, "जरा अंगठा लावून बघा, धार आहे का?"

ह्यांनी नुसता टेकवला आणि हात झटकला. रक्ताचा थेंब आला. "अगं बाई, हे ब्लेड आहे ब्लेड. ह्याला धार नाही म्हणतेस तू?"

मी सुईदोऱ्याच्या डब्यातून सुई काढली. ह्यांना म्हटलं, मी डोळे मिटते, तुम्ही माझ्या बोटांना टोचा, टोचलं की मी सांगते. हे "कशाला, कशाला" करत होते. मी डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "अहो, टोचा ना."

हे म्हणाले, "पाच वेळा टोचलं गं."

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांचा आवाज असा ऐकला. माझे हात धरून बसले, आणि ते धरलेले मला दिसत होते, नीटसे कळत नव्हते.

१० मार्च

दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पायांच्या तळव्यांना काडी लावून बघितली. साखर खूप वाढलेली, बऱ्याच दिवसांपासून असणार. नसा बधिर झाल्यात. औषध सुरू. "बोटांत पुन्हा येईल ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, आणखी बिघडू नये एवढं बघू. गेलेलं परत येईलच असं सांगत नाही. सरळ बाई आहेत. टाचेला चपलेचा खिळा लागून जखम झालेली होती, तीही त्यांनीच दाखवली.

म्हणजे चाकूंना धार होती. पहिल्या दिवसापासून होती.

११ मार्च

मालकांना सांगितलं. त्यांच्या खोलीत, उभ्यानं. लिहिलेलं बरं म्हणून लिहिते. "चाळीस मी मारले. पुढचे एकोणतीसही मीच मारले. ती वाचवत होती." मालक खिडकीतून झाडाकडे बघत होते. एकच फांदी उरलीय, तिच्यावर भरण्याजोगे बारा डोळे. आणि तो एक लागलेला. पण एका डोळ्याच्या भरवशावर कुणी राहत नाही, कोंब फुटायच्या आत किडा लागला की संपलं. शेवटी म्हणाले, "तिला विचारा. मी नाही विचारणार. मी तिला त्या दिवशी न ऐकता हाकललंय."

मातीच्या शेडमध्ये गेले. ती पिशव्या भरत होती, एकटीच. कोपरापर्यंत माती. मी म्हणाले, "चुकले मी."

ती पिशवी भरत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आजीच्या पायांचं असंच झालं होतं. मला पहिल्या दिवशीच शंका आली, तुमचं बोट दाबलं तेव्हा. तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही डब्याला कुलूप लावलंत. मालकांना सांगितलं असतं तर तुमचं काम गेलं असतं. म्हणून म्हटलं, गुपचूप बांधून टाकू."

"मग त्या दिवशी सर्वांसमोर का नाही बोललीस?"

"काय बोलू? आईंना हाताला काही कळत नाही, असं?"

मला रडू आलं. मी तिचा हात धरायला गेले. तिनं काढून घेतला, हळूच, पण काढून घेतला.

"इथे कुणी नाही, आई," ती म्हणाली. "त्या दिवशी सगळे होते."

खरं आहे. मी आळ घेतला चारचौघांत आणि माफी मागायला आले एकांतात.

१२ मार्च

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले होते. मी मधे जाऊन उभी राहिले. मोठ्यानं बोलले. माझ्या बोटांत जीव नाही. माझे डोळे मेले ते माझ्याच हातानं. सुनेनं एक वाचवला. मी तिच्यावर आळ घेतला तो खोटा. एवढंच. माती भरणाऱ्या बायकांतली एक च्च च्च करत होती, तिला सुनेनंच खुणेनं गप्प केलं.

मग ती उठली, हात धुतले आणि मला म्हणाली, "चाकू कुठला घेऊ?"

मी डबा बरोबरच नेला होता. गळ्यातली किल्ली काढून कुलूप उघडलं. म्हटलं, "ह्यातला हवा तो घे, ठेवूनच घे." तिनं एकेक चाकू उघडला, उजेडाकडे धरला. शिंगाचा, पितळी मुठीचा, ठशाचा. पहिल्यांदाच मीही तिच्या नजरेनं बघितलं. बोटभर रुंद असलेली पाती काडीएवढी उरलीत. धार पत्र्यासारखी पातळ, जागोजागी दुमडलेली. ठसा अर्धा घासून गेलाय. महिन्याभरात मी एकतीस वर्षांचे चाकू खाऊन टाकले.

एकोणिसावा बघून झाल्यावर तिनं तो नीट घडी करून डब्यात ठेवला. स्वतःच्या खिशातून तो प्लास्टिकच्या मुठीचा काढला.

मी शेजारी पाटावर बसले. ती डोळा कापायची, मी पट्टी पुढे करायची. तिसऱ्या डोळ्याला मी न राहवून म्हणाले, "जरा वरून घे." ती म्हणाली, "बरं, आई," आणि वरून घेतला. बाराव्यापर्यंत मग मी तोंड उघडलं नाही.

४ एप्रिल

लिंबोणी पूर्ण वाळली. काल तोडली.

आज बारा तपासले. मालकांनी मला म्हटलं, "मावशी, तुम्ही लावा हात." मी म्हणाले, माझ्या बोटाला देठ सुटलेला कळणार नाही, तिलाच लावू द्या. तिनं एकेका देठाला बोट लावलं आणि मी डोळ्यांनी मोजत गेले. पहिला पडला. दुसरा पडला. पाचवा चिकटलेला होता, नववाही. बाकीचे पडले. मालक तिथेच खाली बसले आणि त्यांनी तोंडावरून हात फिरवला.

दहा लागले. तो आधीचा धरून अकरा. आजोबांची लिंबोणी जगली.

अकरातला एकही माझ्या हाताचा नाही.